टंचाईतली मागणी किती खरी? गेमच्या बाजाराचा धडा

टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्राला ‘कन्सोल’ म्हणतात. खेळ पोरांचा असला, तरी त्याच्या बाजारातून व्यापाऱ्याने शिकावे असे बरेच आहे. अमेरिकेतील एक दाखला आम्ही येथे देत आहोत.

१९८० नंतर तेथे अटारी कंपनीच्या गेमवर गिऱ्हाइकांच्या उड्या पडत. माल पुरत नसे. ऑक्टोबर १९८१ मध्ये कंपनीने वितरकांना सांगितले, की १९८२ या पूर्ण वर्षाची मागणी आताच नोंदवा. वितरकांनी विचार केला, शंभर मागितले तर पन्नास मिळतात, मग दोनशेच मागू. कागदावरची मागणी अशी फुगली आणि कंपनीने तीच खरी धरून उत्पादन वाढवले.

१९८२ मध्ये इतर कंपन्याही गेम घेऊन बाजारात उतरल्या. माल मुबलक होताच वितरकांनी मागण्या रद्द केल्या. ‘पॅक-मॅन’ या गेमच्या कॅसेट अटारीने सुमारे १ कोटी २० लाख काढल्या. घरोघरी असलेली तिची यंत्रे मात्र सुमारे १ कोटीच होती! १९८३ मध्ये कंपनीला ५० कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. न खपलेला माल त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरण्यात आला. २०१४ मध्ये तो उकरूनही पाहिला गेला.

नोव्हेंबर २०२० मध्ये सोनीचे प्लेस्टेशन ५ आले, तेव्हा उलटे घडले. जगभर चिपची टंचाई होती. ४९९ डॉलरचे यंत्र मधल्यांनी उचलून दुप्पट भावाने विकले. जपानात दुकानदारांनी सोडती काढल्या. जानेवारी २०२३ मध्ये, आता माल सहज मिळेल, असे सोनीने जाहीर केले. पुरवठा सुरळीत होताच वरकड भावाला आधार उरला नाही. चढ्या भावाने माल भरून ठेवणाऱ्याचे पैसे अशा वेळी अडकतात.

आपला धंदा कापडाचा असो वा भांड्यांचा, गोष्ट तीच आहे. टंचाईत एकच गिऱ्हाईक पाच दुकानांत विचारते आणि पाचही दुकानदार त्याला आपले समजतात. म्हणून ईद-दिवाळीचा माल भरताना किती जणांनी विचारले यापेक्षा किती जणांनी इसार दिला, ते मोजावे. मोठी खरेदी एकदम न करता टप्प्याटप्प्याने करावी. घाऊक व्यापाऱ्याशी माल परत घेण्याची अटही आधीच लेखी ठरवून घ्यावी, असे आम्हाला वाटते.