पारा सांडला तर…

तापाच्या जुन्या थर्मामीटरमध्ये पारा जेमतेम ग्रॅमभर, रक्तदाबाच्या उभ्या यंत्रात मात्र शंभर ग्रॅमच्या आसपास. भारताने २०१८ मध्ये पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या मिनामाता कराराला मंजुरी दिली, तरी असे नग अजून कपाटांत आहेत.

पारा सांडल्यावर लोक त्यावर गंधक भुरभुरतात. रसायन बरोबर आहे: पारा आणि गंधक मिळून काळा, पाण्यात न विरघळणारा सल्फाइड होतो. पण नुसतं भुरभुरून थेंबावर फक्त साय धरते, आत पारा तसाच राहतो. वर्ध्याजवळच्या सालोडच्या आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी रसशास्त्रात कज्जली शिकवतात, तीही हीच अभिक्रिया. तिथे पाऱ्याची चमक जाईपर्यंत खलात तासन्‌तास घोटावं लागतं. फरशीवर ते कोण करणार?

म्हणून आधी खिडक्या उघडा, पंखा बंद करा, सोन्याचे दागिने काढा. हातमोजे घालून जाड कागदाने थेंब गोळा करा, ड्रॉपरने उचला, घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा. फटींत उरलेल्या बारीक थेंबांसाठी जस्ताची पूड सौम्य आम्लाने ओलसर करून लावतात. तिचं पाऱ्याशी घट्ट संमिश्र बनतं. शेवटी सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने पुसतात.

झाडू आणि व्हॅक्युम क्लीनर नकोच, त्यांनी थेंब फुटून वाफ वाढते. ब्लीचिंग पावडरही नको: क्लोरीनमुळे पाऱ्याचे विरघळणारे, अधिक घातक क्षार होतात. गादी-सतरंजीला रसायनं पुरत नाहीत. तेवढा भाग कापून बंद पिशवीत वेगळा ठेवावा.