चाई, कांदा आणि ३८.८ टक्के

डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा पडतो, तिथले केस जातात आणि खालची कातडी गुळगुळीत दिसते. आमच्या पोफळीत याला 'चाई पडली' म्हणतात, आणि कीड लागली असं समजून कोणी ना कोणी कांद्याचा रस चोळायला सांगतंच. कीडबीड काही नसते. ॲलोपेशिया एरियाटा हा ऑटोइम्यून आजार आहे. आपल्याच टी पेशी केसांच्या मुळांवर हल्ला करतात. या हल्ल्यात 'जॅक' नावाची एन्झाइम्स पेशीच्या आत निरोप पोचवतात. हा निरोप अडवणाऱ्या बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेच्या एफडीएने जून २०२२ मध्ये, तीव्र चाई असलेल्या प्रौढांसाठी मान्यता दिली.

आता गंमत बघा. कांद्याच्या रसाचाही अभ्यास झालेला आहे. इराकमधल्या संशोधकांनी तो २००२ मध्ये प्रसिद्ध केला. रस लावणारे २३ जण, नळाचं पाणी लावणारे १५. सहा आठवड्यांत रसवाल्यांपैकी २० जणांच्या चट्ट्यात केस उगवले, म्हणजे जवळजवळ ८७ टक्के. पाणीवाल्यांत फक्त दोघांच्या. बॅरिसिटिनिबच्या पहिल्या मोठ्या चाचणीत यशाचा आकडा होता ३८.८ टक्के.

मग कांदाच भारी ना? पेपर वाचायला सुरुवात करताना हे दोन आकडे शेजारी ठेवायचा मोह तुम्हालाही होईल. ठेवू नका. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

आधी रुग्ण कोण होते ते बघा. चाईचे लहान चट्टे बरेचदा वर्षभरात आपोआप भरतात. अशा रुग्णाला तुम्ही काहीही लावा, श्रेय त्या 'काहीही'ला मिळतं. कांद्याच्या अभ्यासात चट्ट्यांची चाई असलेले रुग्ण होते. बॅरिसिटिनिबच्या 'ब्रेव्ह-एए१' चाचणीत डोक्यावरचे निम्मे किंवा जास्त केस गेलेले ६५४ जण घेतले. शिवाय अट अशी, की गेल्या सहा महिन्यांत आपोआप सुधारणा झालेली नको. म्हणजे संशोधकांनी मुद्दाम अवघड रुग्ण निवडले. औषध कंपनीच्या चाचणीकडे संशयानेच बघावं, पण इथे त्यांनी स्वतःचा पेपर कठीण काढला होता हे मान्य करायला हवं.

मग यश कशाला म्हटलं? इथे 'सॉल्ट स्कोअर' लागतो. डोक्याचे चार भाग करतात: माथा ४० टक्के, मागची बाजू २४, दोन्ही कडा १८-१८. प्रत्येक भागातले किती केस गेले ते बघून बेरीज करायची. शून्य म्हणजे सगळे केस जागेवर, १०० म्हणजे पूर्ण टक्कल. ३६ आठवड्यांनी स्कोअर २० किंवा त्याखाली आला तरच यश, हे आधीच ठरलेलं होतं. थोडे केस आले, चट्टा लहान झाला, असल्या गोष्टी यशात धरल्या नाहीत. कांद्याच्या अभ्यासात मात्र चट्ट्यात केस उगवणं हेच मोजलं होतं.

आणि वास! कांद्याचा रस लावलाय की पाणी, हे रुग्णाला कळणारच. अशी चाचणी डबल ब्लाइंड करायची कशी, याचं चांगलं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा. (तरी त्या संशोधकांनी तुलनेला गट ठेवला, हे घरगुती उपायांच्या बाबतीत फार कमी जण करतात.) गोळीचं काम सोपं असतं, दिसायला तशीच प्लासिबोची गोळी बनवता येते.

म्हणून ३८.८ हा आकडा एकटा वाचायचाच नाही. त्याच चाचणीत प्लासिबोवर ६.२ टक्के लोकांना तेच यश मिळालं. फरक ३२.६. चार मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या साधारण तिघांमागे एकाला औषधामुळे फायदा झाला, असा त्याचा अर्थ. दोन मिलिग्रॅमवर आकडा २२.८ होता. डोस वाढला तसा परिणाम वाढला, हाही औषधाच्या बाजूचा पुरावा. 'ब्रेव्ह-एए२' या ५४६ जणांच्या दुसऱ्या चाचणीत ३५.९, १९.४ आणि ३.३ असे आकडे आले. दुसऱ्यांदा तेच चित्र दिसलं, म्हणून माझा जास्त विश्वास बसला.

भारतात चाललेल्या चाचण्यांची नोंद सीटीआरआयवर असते आणि २००९ पासून ती बंधनकारक आहे. कुठलीही एक नोंद उघडा आणि आधी 'प्रायमरी आउटकम' आणि रुग्णनिवडीचे निकष वाचा. निकालाचा आकडा नंतर.

एक प्रश्न मात्र ३६ आठवड्यांत सुटत नाही: गोळी थांबवली तर? ब्रेव्ह-एए१ मध्ये ५२ आठवड्यांनंतर, केस आलेल्यांपैकी काहींना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून प्लासिबोवर नेलं. त्यातल्या बहुतेकांचे केस पुढे पुन्हा गळाले. म्हणजे गोळी बराच काळ घ्यावी लागणार. या गटातल्या औषधांवर गंभीर जंतुसंसर्ग आणि रक्ताच्या गुठळ्यांचा ठळक इशारा छापलेला असतो, त्यामुळे रक्ततपासण्याही सुरूच राहणार. पोफळीतल्या मुलीला त्यासाठी दर काही महिन्यांनी एसटीने चिपळूण गाठावं लागेल, आणि तो खर्च कुठल्याच सॉल्ट स्कोअरमध्ये येत नाही.