रॉकला जागा कुणी दिली?

मालेगावात क्लब नाही. हे यंत्रमागांचं, नाशिककडचं मालेगाव नव्हे. वाशिम जिल्ह्यातलं, ओळख पटावी म्हणून ‘जहांगीर’ जोडून सांगावं लागणारं. अकोल्याहून वाशिम-हिंगोलीकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता इथे एकमेकांना भेटतात. त्यामुळे गावावरून जग जातं, थांबतं मात्र चहापुरतं.

गाणं इथे कमी नाही. चौदा एप्रिलच्या आसपास भीमगीतांचे कार्यक्रम पहाटेपर्यंत रंगत आलेत, गणपतीत ऑर्केस्ट्रा येत आला, उरुसात कव्वाली होते, सप्ताहात पखवाज घुमतो. सत्यपाल महाराजांची सप्तखंजेरी ऐकलेल्या माणसाला ताल म्हणजे काय आणि एकटा माणूस हजारोंना कसा हलवतो, हे वेगळं शिकवावं लागत नाही. अशा गावात नव्वदीच्या दशकात काही पोरांना इलेक्ट्रिक गिटारचा नाद लागला, त्यात नवल नव्हतं. अडचण एकच होती: ते संगीत समोर बसून ऐकायला जागा नव्हती. आज मागे वळून पाहताना वाटतं, महाराष्ट्रातल्या रॉकची सगळी गोष्टच जागेची आहे. ती बँडच्या नावांनी सांगतात. जागांच्या नावांनी सांगितली, तर तालुक्याच्या माणसाला अधिक कळते.

सुरुवात कुलाब्यापासून करू. 1972 साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ या आपल्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं. ते 2015 साली अधिकृतपणे बाहेर आलं. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या डिस्कोथेकमध्ये त्यांनी स्थानिक वादकांबरोबर वाजवलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडपैकी एकाची दोन माणसं, आणि समोर एका लहान खोलीत मावतील एवढेच श्रोते. मुंबईतले जुने रॉकवाले अजून त्या रात्रीबद्दल बोलतात. तिथे होतो म्हणणाऱ्यांची संख्या त्या खोलीत मावणार नाही, हा भाग वेगळा.

त्याच काळात एक मराठी आवाज या संगीतात शिरला. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे. घरात मराठी रंगभूमी, आणि पोरगा ‘वेल्व्हेट फॉग’सारख्या बँडमध्ये इंग्रजी रॉक गाणारा. 1974 साली अलेक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतक मुंबईत उभं केलं, त्यात नंदूनं जुडास गायला. बँडला स्वतःची जागा नव्हती, तेव्हा नाटकानं आपला रंगमंच दिला. 2014 साली नंदू गेला. मराठी घरांमध्ये त्याची ओळख बहुतेक आईवडिलांच्या नावानंच सांगितली जाते. मराठीत रॉकचा इतिहास लिहायचा झाला, तर पहिल्या पानावर तो असायला हवा.

खरी गर्दी जमली ती धोबी तलावच्या रंगभवनात. उघडं आभाळ आणि मुंबईच्या मधोमध. 1978 पासून तिथे जॅझ यात्रा भरत होती. 1986 साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू केलं: पंधरा ऑगस्टच्या सुमारास, ऐन पावसाळ्यात, एकामागून एक बँड. 1984 साली जमलेला ‘रॉक मशीन’ याच पिढीचा. महेश तिनईकरची गिटार, पुढे उदय बेनेगलचा आवाज. दुसऱ्यांची गाणी वाजवणं सोडून त्यांनी स्वतःची लिहिली, 1988 मध्ये पहिला अल्बम काढला, 1993 मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं. मालेगावापर्यंत जे पहिलं देशी रॉक पोचलं, ते हेच.

पोचलं कसं? केबलच्या तारेनं. सॅटेलाइट वाहिन्या तालुक्याच्या गावात आल्या आणि दूरदर्शननं कधी न दाखवलेले लांब केसांचे, घामाघूम लोक घरात दिसू लागले. कॅसेट अकोल्याहून यायची. एकानं आणायची, बाकीच्यांनी कोऱ्या कॅसेटवर उतरवून घ्यायची. प्रत्येक प्रतीत खरखर वाढत जायची. वाचायला ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ होतं. अमित आणि शीना सैगल यांनी ते 1993 साली सुरू केलं, तेही मुंबई-दिल्लीत नव्हे, अलाहाबादेत. संगमाच्या गावातून देशभरच्या रॉकची खबर निघू शकते, या गोष्टीचा आम्हाला फार आधार वाटे. मैफल मात्र कॅसेटमध्येच राहिली. छातीत घुसणारा ड्रम कसा असतो, हे त्या खरखरीतून कळणं शक्य नव्हतं.

पुण्या-मुंबईला शिकायला किंवा नोकरीला जाण्याचं आमचं वय झालं, नेमक्या त्याच सुमारास रंगभवन हातचं गेलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रुग्णालयं, शाळा-महाविद्यालयं आणि न्यायालयं यांच्याभोवतीचं किमान शंभर मीटर क्षेत्र शांतता क्षेत्र ठरू लागलं. रंगभवनाच्या शेजारी सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. शांतता क्षेत्रात दिवसाची मर्यादा 50 डेसिबल, रात्रीची 40. दोन माणसांचं साधं बोलणंसुद्धा साठच्या आसपास जातं. ड्रमचा एक फटका शंभराच्या पुढे. रुग्णालयातल्या आजाऱ्याचा हक्क मोठाच, त्यावर वाद नाही. पण नव्या शतकाच्या सुरुवातीलाच रॉकची सगळ्यात लोकशाही जागा बंद झाली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कुणी दिली नाही.

त्याच नियमांत एक दार उघडं होतं. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. अपवाद बंदिस्त जागेचा, म्हणजे सभागृह, बँक्वेट हॉल अशा ठिकाणांचा. आवाज भिंतीच्या आत ठेवता आला तर रात्र आपली. रॉक मैदानातून खोलीत आलं त्याला चवीइतकंच हेही कारण होतं. जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’मध्ये बँड वाजतच होते. मग डिसेंबर 2007 मध्ये लोअर परळला, मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ उघडलं. मंचाभोवती गोलाकार बैठका, आणि गाणं ऐकणं हेच मुख्य काम मानून बांधलेली खोली. जेवण चालू आणि कोपऱ्यात बँड, असा तोवरचा प्रकार तिथे उलटा झाला.

वऱ्हाडातल्या माणसाला त्या आवारात शिरताना एक गोष्ट जाणवतेच. आमच्याकडचा कापूस ज्या शहराकडे रेल्वेनं जात राहिला, त्या शहरातल्या गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करून थंडावल्या. यंत्रं गेली, उंच छपरं राहिली. जिथे साच्यांचा खडखडाट होता तिथे आता ‘पेंटाग्राम’चा रँडॉल्फ कोरिया गिटार वाजवत होता आणि पापल माने बेस. बापाच्या पिढीनं पिकवलेल्याचं काय झालं आणि पोराच्या पिढीनं काय ऐकलं, या दोन्ही गोष्टींचा पत्ता एकच निघाला.

पुण्यात याच वर्षांत वेगळं काही घडत होतं. के. मोहन आणि कोको यांचा ‘अग्नी’ 2007 मध्ये पहिला अल्बम घेऊन आला. त्यात हिंदी होती, कबीराच्या वळणाचे शब्द होते. आमच्यासारख्यांना गाणं समजून घ्यायला कॅसेटच्या कागदावरचे शब्द भिंगातून वाचायची गरज उरली नाही. 2010 च्या डिसेंबरात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ हा संगीत महोत्सव पुण्यातच सुरू झाला. मैदान परत मिळालं होतं, पण शहराच्या कडेला आणि तिकीट लावून.

याच सुमारास एका क्लबमध्ये साऊंडचेक पाहायला मिळालं. ओळख बँडशी नव्हती. आमच्याच तालुक्यातला एक मुलगा तिथे स्टेजच्या आवाजाचं काम पाहायचा. गावाकडे डेकोरेशनवाल्याच्या टेम्पोत बॉक्स चढवता-उतरवता त्याला मिक्सरचा नाद लागला, पुण्यात येऊन तो शिकला. दुपारी चारला मागच्या दारानं आत घेतलं आणि म्हणाला, “भाऊ, आधी एक टाळी वाजवून पाहा बरं.” वाजवली. आवाज जागच्या जागी विझला. “आपल्या इकडच्या कार्यालयात वाजवली असती त चार डाव ऐकू आली असती. वर टीन, खाली फरशी, बाजूनं नुस्त्या भिती. गाणारा मरमर गाते, आन् लोकाइले फक्त गोंगाट ऐकू येते.”

पुढचे दोन-तीन तास तिथे गाणं जवळजवळ झालंच नाही. ड्रमर एकटा बसून फक्त किक मारत राहिला, मग फक्त स्नेअर, मग एकेक टॉम. प्रत्येक फटक्याला मिक्सरवरचा माणूस काहीतरी कापत होता, काहीतरी चढवत होता. मग बेस, मग गिटार, आवाज सगळ्यात शेवटी. गायकाच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरमधून शीळ घुमली की ती नेमक्या कोणत्या पट्टीत आहे ते हुडकून तेवढीच दाबायची. एका अँपमधून बारीक गुणगुण येत होती. तिचा माग काढत आमचा मुलगा अर्थिंगपर्यंत पोचला. मालेगावात जनरेटरवर ऑर्केस्ट्रा लावणाऱ्याला हीच गुणगुण आयुष्यभर छळते. कीर्तनाआधी पखवाजाला कणीक लावून तो स्वरात आणतात, तसंच हे. फरक इतकाच की इथे वाद्याबरोबर खोलीही स्वरात आणावी लागते.

क्रमही उलटा होता. रात्री सगळ्यात शेवटी वाजवणाऱ्या मुख्य बँडचं चेक आधी आणि सुरुवात करणाऱ्या नवख्या पोरांचं शेवटी, म्हणजे त्यांची मांडणी हलवावी लागत नाही आणि दारं उघडताच वाजवता येतं. मुख्य बँडनं वेळ खाल्ला की नवख्यांच्या वाट्याला दहा मिनिटं उरतात. त्या दिवशीही तसंच झालं. पोरं मुकाट्यानं तारा जोडून, ‘हॅलो, चेक’ म्हणून बाजूला झाली. रॉकमधलं बंड मंचावर दिसतं; मंचामागे ज्येष्ठतेचा हिशेब भजनी मंडळाइतकाच कडक असतो.

रात्री दारं उघडली, खोली भरली, आणि दुपारी ऐकलेला आवाज बदलला. झांजांची धार बोथट झाली, बेस आवळला. मिक्सरवरचा हात लगेच हलला. “लोकं आले ना भाऊ. लोकंच आवाज पितात,” आमचा मुलगा कानात ओरडून म्हणाला. कपडे घातलेली माणसं उंच पट्टीचा आवाज शोषतात, हे त्याचं शास्त्र. दुपारी दहा वेळा अर्धवट तोडलेलं कडवं बँडनं आता सलग गायलं तेव्हा ते चांगलं का वाटतंय, हे पहिल्यांदा कळलं. त्यात बँडची तयारी होती, पोराचं अर्थिंग होतं, भिंतींवरचं अस्तर होतं आणि आम्ही शे-दोनशे माणसं होतो. कॅसेटमध्ये यातलं काहीच येत नाही.

त्यानंतर जागा पुन्हा हलल्या. ‘ब्लू फ्रॉग’ 2016 मध्ये बंद झालं. एवढ्या नावाजलेल्या खोलीला पुरतं दशकही मिळालं नाही. मोठे बँड स्टेडियममध्ये गेले: यू-टू 2019 च्या डिसेंबरात आणि कोल्डप्ले 2025 च्या जानेवारीत, दोन्ही नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. तोवर समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून गेला होता. नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, आणि जून 2025 पर्यंत 701 किलोमीटर पूर्ण झाले. एका रात्रीत मुंबई गाठणं आता मोठी गोष्ट नाही. पण स्टेडियममध्ये बँड पडद्यावर पाहायचा असतो. तेवढं तर केबलनं 1995 मध्येही दाखवलं होतं.

म्हणून अंतर कमी झालं याचा आनंद अर्धाच आहे. गेल्या पन्नास वर्षांत रॉक जिथे जिथे रुजलं, तिथे कुणीतरी एक खोली दिली: कुलाब्याच्या डिस्कोथेकनं, मुंबईच्या नाटकवाल्यांनी, बंद पडलेल्या गिरणीनं. ऐकणारे आणि वाजवणारे आपोआप जमत गेले. तालुक्याच्या गावात आज मंगल कार्यालयं आहेत, सभागृहं आहेत, वर्षातले कितीतरी दिवस ती रिकामी असतात. त्यांना छताखाली आवाज शोषणारं अस्तर, भिंतींना जाड पडदे आणि नीट अर्थिंग एवढंच हवं आहे. त्याचा फायदा रॉकच्या आधी भीमगीतांच्या गायकाला होईल, कीर्तनकाराला होईल, शाळेच्या स्नेहसंमेलनाला होईल. काम जाणणारा मुलगा आमच्या तालुक्यानं पुण्याला दिलाच आहे. सभागृहाच्या अंदाजपत्रकात खुर्च्या आणि कोनशिलेच्या शेजारी आवाजाचा एक रकाना घालावा, इतकंच आता गावानं करायचं राहिलंय.