नेमबाजीची बाराखडी – लेखांक ७ : डबीवरचा लॉट नंबर

मागच्या आठवड्यात बॅरल आणि चेंबरची ओळख झाली. आज त्या चेंबरमध्ये जाणाऱ्या काडतुसाबद्दल. पुण्याच्या बालेवाडीत काय किंवा कोल्हापुरात काय, एअर रायफलवरून पॉइंट टू टूकडे वळलेली मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात : गोळी कोणत्या कंपनीची घेऊ? प्रश्न रास्त आहे, पण त्याचं खरं उत्तर कंपनीच्या नावात मिळत नाही. ते डबीवर बारीक अक्षरांत छापलेल्या लॉट नंबरात असतं.

मोठ्या बोअरचा नेमबाज हवं तर स्वतः काडतूस भरतो. दारू मोजतो, गोळी निवडतो, आपल्या रायफलला रुचेल असं काडतूस जुळवून घेतो. पॉइंट टू टूला ही सोय नाही. हे रिमफायर काडतूस आहे. त्याचं प्रायमर वेगळं बसवलेलं नसतं, पेटणारं मिश्रण पितळी टोपणाच्या कडेत, म्हणजे रिममध्येच भरलेलं असतं. एकदा उडालं की टोपण निकामी. त्यामुळे आपल्या हाती उरते ती फक्त निवड, आणि म्हणून ती नीट करायची.

डबीतलं एक काडतूस काढून उजेडात धरा. शिशाची गोळी आणि पितळेचं टोपण जवळपास एकाच जाडीचे दिसतील. गोळीचा मागचा भाग किंचित बारीक करून टोपणात बसवलेला असतो. गोळी 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅमची. आतली दारू एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी. गोळीवरून बोट फिरवलंत तर मेणासारखा थर हाताला लागेल. हे वंगण बॅरलमध्ये आपलं अस्तर तयार करतं. म्हणूनच एका कंपनीची गोळी थांबवून दुसरीची सुरू केली की पहिल्या काही गोळ्या हिशेबात धरायच्या नसतात. डबी उघडी टाकून त्या मेणावर धूळ बसू देणाऱ्यांना मात्र आपण बॅरलमध्ये काय ढकलतोय याची कल्पना नसते.

आता एवढ्याशा दारूत आणि रिममधल्या मिश्रणात थोडा जरी फरक पडला तरी गोळीचा वेग बदलतो. स्पर्धेची चांगली गोळी सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाने निघते. 50 मीटर जायला तिला 0.16 सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. वेग सेकंदाला 10 मीटरने कमी पडला, तर ती आणखी सात-आठ मिलिमीटर खाली लागते. 50 मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. गोळीची कड त्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत हवा. पकड उत्तम, ट्रिगर उत्तम, आणि तरीही नऊ! तो नऊ कधीकधी काडतुसाचा असतो.

वेग मुद्दामच आवाजाच्या वेगापेक्षा कमी ठेवलेला असतो. 20 अंश तापमानाला आवाज सेकंदाला 343 मीटर जातो. जास्त वेगाची गोळी निघते आवाजापेक्षा पुढे, पण वाटेत त्या सीमेच्या खाली येते आणि तिथे तिचा तोल ढळू शकतो. शिवाय ती हवेत वेग झपाट्याने गमावते, त्यामुळे आडवा वारा तिला जास्त सरकवतो. वेगवान गोळी वाऱ्याला कमी जुमानते ही रेंजवरची ठाम समजूत आहे. पॉइंट टू टूच्या बाबतीत ती उलटी आहे. डबीवर ‘हाय व्हेलॉसिटी’ दिसलं की स्पर्धेसाठी ती बाजूला ठेवा.

इंग्लंडची एले, जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि मूळची फिनलंडची लापुआ, ही तीन नावं जगभरच्या रेंजवर ऐकू येतात. लापुआची रिमफायर काडतुसं जर्मनीत एल्बेकाठच्या शोनेबेकमध्ये बनतात, त्याच कारखान्यात एसकेचीही. या सगळ्यांच्या वरच्या दर्जाच्या गोळ्या उत्तम असतात, त्याबद्दल वाद नाही. पण शिसं, दारू, पितळ, यंत्राची त्या दिवसाची जुळणी यांत काही ना काही बदलतंच, आणि प्रत्येक उत्पादनाला वेगळा लॉट नंबर मिळतो. तुमच्या बॅरलचं एका लॉटशी सूत जुळतं, दुसऱ्याशी जुळत नाही. शेजारच्या लेनवरच्या रायफलला मात्र तोच दुसरा लॉट मानवतो, मग ती रायफल तुमच्याच कंपनीची, तुमच्याच मॉडेलची का असेना. यावर कोष्टक नाही. उडवून बघणं हाच मार्ग.

कारखान्यांच्या चाचणी केंद्रांत हे काम यंत्रावर होतं. रायफलचा लाकडी वा अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक उतरवतात, बॅरलसकट अ‍ॅक्शन जड शिकंज्यात घट्ट आवळतात. नेमबाज बाजूला उभा. एका लॉटच्या दहा गोळ्या, मग पुढचा लॉट, मग त्याच्या पुढचा. पडद्यावर ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका, उमटत जातो आणि माणसाचा श्वास, नाडी, डोळा यांपैकी काहीही मध्ये येत नाही. आपले आघाडीचे नेमबाज यासाठी रायफल घेऊन जर्मनीपर्यंत जातात. एखादा लॉट पसंत पडला की त्याच्या हजारो गोळ्या एकदम राखून ठेवतात, कारण तो संपला की संपला, पुन्हा बनत नाही.

घरच्या रेंजवर टेकूवरून, वाळूच्या पिशव्यांवरूनही चाचणी होते, फक्त घाई नको. दहा लॉटच्या पाच-पाच गोळ्या उडवायच्या आणि सर्वांत लहान ग्रुपवर बोट ठेवायचं, ही पद्धत जवळजवळ निरुपयोगी आहे. पाच गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही लहान येतो. दहांपैकी एकाचा तर येणारच. एका लॉटच्या निदान चाळीस गोळ्या, दहा-दहाच्या चार ग्रुपमध्ये उडवा आणि चारही एकावर एक ठेवून बघा. लांब गेलेली गोळी ‘फ्लायर’ म्हणून खोडू नका. पात्रता फेरीच्या साठ गोळ्यांत तसलीच एखादी येणार आहे आणि तिथे ती कोणी खोडणार नाही.

पैशाचा हिशेब इथेच सांगतो, कारण पालकांना तोच छळतो. नेमबाजाची स्वतःची पांगापांग आणि काडतुसाची पांगापांग यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. समजा, नवशिक्याचा स्वतःचा ग्रुप 40 मिलिमीटर आहे. 20 मिलिमीटरच्या साध्या गोळीने त्याचा एकूण ग्रुप साधारण 45 होईल. 10 मिलिमीटरच्या महागड्या गोळीने 41. चार मिलिमीटरसाठी दुप्पट-तिप्पट खर्च! तो पैसा जास्त सरावाच्या गोळ्यांवर घाला. आता स्वतःचा ग्रुप 14 मिलिमीटरवर आणलेला नेमबाज घ्या. साध्या गोळीने 24, चांगल्या गोळीने 17. त्याच्यासाठी हा फरक नऊ आणि दहा यांच्यातला आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनची पात्रता फेरी 600 पैकी 590 गुणांनी पार केली आणि पुढे ब्राँझ जिंकलं. त्या पातळीवर साठ गोळ्यांत दहाच गुण हातचे जातात. त्यांतला एकही काडतुसापायी जाणं परवडत नाही.

उन्हाळ्यात एक पथ्य पाळाच. बंद गाडीत डबी ठेवू नका. मेण वितळतं आणि दारूही तापते. तापलेल्या चेंबरमध्ये गोळी घालून वाऱ्याची वाट बघत बसलात तरी तेच होतं. थांबायचं असेल तर गोळी बाहेर काढा.

राहता राहिली आपली खरी अडचण. उत्तम दर्जाची गोळी आयातीची, आणि शस्त्र कायद्याच्या चौकटीतच येणारी. जिल्ह्याच्या नेमबाजाला पाच लॉट समोर मांडून कोणी विचारत नाही, मिळेल तो घ्यावा लागतो. ज्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पायाभरणी 1951 मध्ये दादासाहेब मावळंकरांनी केली, तिच्या मावळंकर स्पर्धेत उतरणारी कितीतरी मुलं आपल्या रायफलचा लॉट कोणता हे न कळताच लेनवर झोपतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण यातलं निम्मं तरी क्लबच्या हातात आहे. क्लबने माल मागवताना एकाच लॉटच्या सगळ्या पेट्या न घेता तीन-चार लॉट मागावेत. माल आला की वाटप थांबवावं, क्लबच्या परवान्याखाली, नोंदवहीत टिपूनच, प्रत्येक रायफलवर प्रत्येक लॉट तपासावा आणि मग ज्याला जो मानवेल तो त्याच्या नावे लावावा. रायफलचा क्रमांक, लॉट नंबर, चाळीस गोळ्यांचा ग्रुप आणि त्या दिवसाचं तापमान, एवढं वहीत असलं की पुढच्या वर्षी आलेल्या मुलालाही ते उपयोगी पडतं. हातातला लॉट तिसऱ्या हिश्श्यावर आला की पुढची चाचणी लावावी, स्पर्धेच्या आठवड्यात कधीच नाही.