मुलाखतीला जाणाऱ्या मुलांसाठी

शेतकी विभागाच्या मुलाखतींना आम्ही बरेचदा बसलो आहोत. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून आपल्याकडच्या कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. कारखान्यात मात्र अजून समोर बसवूनच विचारतात.

एकदा उमरखेडकडचा, पैनगंगेकाठचा मुलगा आला. उसना शर्ट, पाठ केलेले इंग्रजी. वडील काय करतात विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, "बिझनेस." त्याच्या वडिलांचा ऊस आम्हीच नोंदवलेला! आम्ही म्हटले, "बाबू, लावण कधी करता?" मुलगा सावरून बसला.

"ऑक्टोबर-नोव्हेंबरात, साहेब, पूर्वहंगामी. यंदा खोडवा आहे. पाचट जाळत नाही, सरीतच ठेवतो."

"ऊस पक्व झाला कसे ओळखशील?"

"रिफ्रॅक्टोमीटरने बुडख्याचा अन् शेंड्याचा ब्रिक्स पाहायचा. दोन्ही जवळजवळ सारखे आले की तोडायचा."

को ८६०३२ ची शिफारस पाडेगावहून १९९६ साली झाली, हे काही त्याला सांगता आले नाही. "माहीत नाही, साहेब," एवढेच बोलला. आम्हाला ते आवडले. इथे थाप मारणारा उद्या लागणीच्या तारखेतही थाप मारील, अन् तोडणीचा क्रम बिघडला की शिव्या आम्हालाच.

कपडे धुतलेले असावेत, नवे नसले तरी चालते. अर्धा तास आधी पोचावे. शेवटच्या एसटीवर भिस्त नको.

तो मुलगा लागला. पुढच्या हंगामात वडिलांच्या उसाची नोंद त्याच्याकडेच आली. तारीख त्याने एक दिवसही मागे ओढली नाही. वडील महिनाभर बोलत नव्हते म्हणे.