शेजारघरचे ताट

डिसेंबर महिना अर्धा सरला की मुंबईच्या गल्लीगल्लीतून कागदी चांदण्या लटकू लागतात. बेकऱ्यांच्या काचांआड केक मांडले जातात आणि आपल्या हिंदू घरांतील मुलेही त्यांकडे कौतुकाने पाहू लागतात. नाताळ म्हणजे चांदणी, केक आणि लाल डगल्यातला म्हातारा, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. आमचीही ती तशीच होती. परंतु दारावरच्या तोरणावरून घराची ओळख पटत नसते. त्या घरात ताटावर बसताना ओठांवर काय येते, तिन्हीसांजेला काय म्हटले जाते आणि कोणत्या दिवशी कोण काय वर्ज्य करते, हे पाहावे तेव्हा घरातला धर्म दिसतो. तो पाहण्याचा योग आम्हांस लहानपणी आला. त्याची हकीकत आज नाताळच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे बालपण कॉटन ग्रीनला गेले. रे रोड आणि शिवडी यांच्यामधले हार्बर मार्गावरचे हे स्थानक. मुंबईचा कापसाचा बाजार पूर्वी कोटात, टाउन हॉलसमोरच्या हिरव्या मैदानावर भरत असे. १८४४ साली तो कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात पोर्ट ट्रस्टने समुद्र हटवून केलेल्या इकडच्या जमिनीवर आला. बाजाराबरोबर त्याचे नावही येथे आले. कापसाच्या गाठींचा तो व्यवहार पुढे ओसरला, पण कापूस बाजाराची भव्य इमारत अजून उभी आहे. या गोदामांच्या मागे, काळाचौकीच्या अंगाला, गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्यांच्या चाळी होत्या. त्यांपैकी एका चाळीत आमचे बिऱ्हाड होते, आणि गॅलरीत आमच्या दाराला लागून दार होते ते एका ख्रिस्ती कुटुंबाचे.

तिन्हीसांजेची प्रार्थना

हे कुटुंब मूळचे तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. काका गोदीत कारकून होते. काकू घर सांभाळून शिवणकाम करीत. त्यांची भाषा आमच्यापेक्षाही अस्सल गावरान मराठी. चर्चला ते ‘देऊळ’ म्हणत आणि तेथील धर्मगुरूंना ‘पाळक’. नऊवारीतल्या काकूंना कोणी परप्रांतीय म्हटले असते तर त्या हसल्याच असत्या.

त्यांचे जेवणही आमच्यासारखेच होते. बाजरीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचे भरीत. रविवारी देवळातून आल्यावर मात्र मटण शिजे. त्या वेळी काकू गॅलरीकडचे दार आठवणीने लोटून घेत. ताटे वाढून झाली तरी कोणी घासाला हात लावीत नसे. सगळी जमली की डोळे मिटून माना लवत आणि काका अन्नाबद्दल देवाचे आभार मानीत. आमच्या आजोबांची चित्राहुती आणि काकांची ही प्रार्थना एकाच सुमारास, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होत असे.

तिन्हीसांजेला आमच्याकडे देवापाशी दिवा लागे आणि आम्ही मुले ‘शुभं करोति’ म्हणत असू. आमचे संपते न संपते तोच पलीकडे पेटीचा भाता हलू लागे. काकू गात ती गीते इंग्रजी चालीवरची नसत. त्यांत अभंग असे, ओवी असे. आमची आजी माळ ओढता ओढता थांबे आणि म्हणे, “चाल तर आपल्या भजनाचीच आहे ग!”

आजीचा कान खरा होता. त्यांतली पुष्कळ गीते रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची होती. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले हे चित्पावन ब्राह्मण कवी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. परक्या चालींऐवजी भजन, कीर्तन आणि अभंग यांतून उपासना व्हावी म्हणून त्यांनी जन्मभर खटपट केली. मराठी ख्रिस्ती घरांतून आजही त्यांची गीते गाइली जातात.

मूठभर तांदूळ

काकूंच्या चुलीशेजारी एक पत्र्याचा डबा असे. भाताचे तांदूळ धुण्यापूर्वी त्या त्यांतली एक मूठ त्या डब्यात टाकीत. डबा भरला की तो देवळात जाई आणि तेथून एखाद्या गरजू घरी. विनोबांनी पुढे सर्वोदय-पात्राची कल्पना मांडली, तेव्हा आमच्या वडिलांना प्रथम आठवला तो काकूंचा डबा. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायकाही अशीच मूठ बाजूला काढतात, हे आम्हांस फार पुढे कळले.

त्यांचा चातुर्मास म्हणावा असा काळ वसंतात येई. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवसांचा हा उपवासकाळ. या दिवसांत काकूंच्या घरी मटण बंद असे आणि लग्नकार्याची बोलणीही होत नसत. उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन देवळात क्रूसावरील सात उद्गारांवर मनन चाले. तोवर घरात कोणी काही खात नसे. परत आल्यावर पेज आणि लोणचे, एवढेच जेवण. निर्जळी एकादशी करणाऱ्या आमच्या आजीला हे फार मानवले. “केक खाणारी माणसं उपास कशाला करतील, असं मला वाटायचं,” असे ती एकदा स्वतःच म्हणाली.

पुनरुत्थानाच्या दिवशी पहाटे ते कुटुंब फुले घेऊन शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत जाई. पूर्वी तेथे एक वनस्पती-उद्यान होते. १८६५ साली ती जागा दफनभूमीसाठी घेण्यात आली. व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत उभारणारे स्थापत्यकार स्टीव्हन्स तेथेच चिरनिद्रा घेत आहेत, आणि काकूंचे सासरेही. कॅथलिक पंथाचे लोक २ नोव्हेंबरला पितरांच्या स्मरणासाठी थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. आपल्या पितृपक्षाची आठवण व्हावी असाच हा दिवस.

कॅथलिक घरांतली रीत काकूंच्या घरापेक्षा थोडी निराळी. कॉटन ग्रीनहून दक्षिणेस थोडे गेले की माझगावची माथारपाखाडी लागते, आणि तिकडे गिरगावात खोताची वाडी आहे. तेथल्या मूळच्या मराठीभाषक कॅथलिकांना ‘ईस्ट इंडियन’ म्हणतात. हे नाव त्यांनी १८८७ साली घेतले. पण उन्हाळ्यात वीस-पंचवीस जिन्नस भाजून, कुटून बाटल्यांत ठासून भरलेला त्यांचा वर्षाचा ‘बॉटल मसाला’ पाहावा, म्हणजे आपल्या गृहिणींना आपलीच चैत्र-वैशाखातली लगबग दिसेल. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते भाताच्या नव्या लोंब्या देवळात नेतात आणि आशीर्वाद झाल्यावर घरी नवान्न करतात. या सणाला ‘आगेरा’ म्हणतात. पंथ निराळे असले तरी नवे धान्य देवाला दाखविल्यावाचून तोंडात घालू नये, ही भावना त्यांची, काकूंची आणि आपली एकच.

परत न आलेली चव

येथवर जे लिहिले ते लिहिणे सोपे होते. पुढचे लिहिताना मान खाली जाते.

दर नाताळला सकाळी काकू आमच्याकडे फराळाचे ताट आणीत. त्यात करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि रव्याचे लाडू असत, वर क्रोशाचा रुमाल. आजी ताट दोन्ही हातांनी घेई, काकूंना हळदीकुंकवाच्या मानाने बसवून घेई, चहा देई. आणि काकू गेल्या की ताट तसेच जिन्यापाशी खेळणाऱ्या मुलांना वाटून टाकी. आमच्या घरात त्यातला कण कोणी तोंडात घालीत नसे. उलट दिवाळीचे आमचे ताट काकूंच्या घरी गेले की तेथली मुले दारातच त्यावर तुटून पडत.

एका वर्षी काकूंच्या मुलीशी आमचे भांडण झाले. रागाच्या भरात आम्ही बोलून गेलो, “तुमचा फराळ आमच्याकडे कोणी खात नाही!” ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “ठाऊक आहे आम्हांला. तरी आई तुमच्यासाठी वेगळी कढई ठेवते. तिच्यात कधी अंडंमांस गेलेलं नाही. तूपसुद्धा नवा डबा फोडून घेते.”

हे आम्ही घरी आईला सांगितले. आई तशीच काकूंकडे गेली. काय बोलावे ते तिला सुचेना. काकूच म्हणाल्या, “वहिनी, सणाला शेजारी ताट जायलाच हवं. पुढचं आपण कशाला बघायचं?”

टिळकांच्या घरातील चूल

त्या पावसाळ्यात आईने वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आणले आणि दुपारी आजीला मोठ्याने वाचून दाखवू लागली. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठी घराघरांत वाचले गेले आहे. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे नगरला त्यांच्याजवळ आल्या त्या आपले सोवळे घेऊनच, चूल आणि पाणी निराळे ठेवून. नवऱ्यावर माया अपार, पण त्याच्या पंगतीला बसावयाचे नाही! हा पेच त्यांनी विनोदाच्या आणि अश्रूंच्या शाईने लिहिला आहे. अखेरीस जातिभेद देवाने केला नसून माणसाने केला आहे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि सोवळे आपोआप गळून पडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराचा भाग आजीला रुचला नाही, आणि तो रुचावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. पण वेगळ्या चुलीचा भाग आला की ती आईला तो पुन्हा वाचावयास सांगे.

त्या नाताळला ताट आले. आजीने काकूंना बसवून घेतले. मग ती उठली, खुंटीवरचे पंचांग काढून त्या दिवशी चतुर्थी, एकादशी काही नाही ना, हे पाहून आली. ताटातली एक करंजी तिने मोडली, अर्धी आईच्या हातावर ठेवली आणि अर्धी आपल्या तोंडात टाकली. “खसखस भाजून घातलीस, होय ना?” एवढेच ती म्हणाली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

नैवेद्याआधीचे मोदक

ही गोष्ट येथेच संपविली तर ती अर्धी राहील, कारण रेघ एकट्या आमच्याच घरात होती असे नाही. गणपतीत आई काकूंकडे मोदक पाठवी. ते काकू घेत, पण खात नसत, हे आम्हांस पुढे कळले. मूर्तीपुढे ठेवलेल्या नैवेद्याविषयी ख्रिस्ती शास्त्राचा कटाक्ष आहे. संत पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिलेल्या पहिल्या पत्रात या प्रश्नाचा खल केला आहे, आणि आपल्या खाण्याने दुसऱ्याचे मन दुखावू नये असेही बजावले आहे. काकू या दोहोंच्या कात्रीत सापडल्या होत्या. नाही म्हणावे तर शेजारीण दुखावणार, खावे तर आपला नेम मोडणार.

आजीला हे कळले तेव्हा आम्हांस वाटले, आता ती रागावेल. आजी म्हणाली, “त्यात काय मोठंसं? तिनं माझ्यासाठी कढई वेगळी ठेवली. मी तिच्यासाठी मोदक वेगळे ठेवीन.” पुढल्या भाद्रपदापासून उकडीचे पहिले पाच मोदक चाळणीतून निघत ते नैवेद्य दाखविण्यापूर्वीच काकूंच्या डब्यात जात. बाकीचे एकवीस गणरायापुढे.

दोन्ही धर्म एकच आहेत, असे आजी कधी म्हणाली नाही आणि काकूही म्हणाल्या नाहीत. आजी तिच्या विठ्ठलाची होती, काकू त्यांच्या प्रभूच्या होत्या. त्या दोघींना एक गोष्ट मात्र उमगली होती. आपले व्रत पाळणे हा धर्म आहेच, पण शेजाऱ्याचे व्रत मोडणार नाही याची काळजी वाहणे, हेही एक व्रतच आहे. ते पंचांगात सापडत नाही. त्याचे उद्यापन नसते.

नाताळच्या आदल्या रात्री चाळीत तरुणांची गाणी म्हणत फेरी येई. ढोलकी, टाळ आणि हातात कंदील. काकूंच्या दाराशी गवताची गव्हाण मांडलेली असे, तीत बाळ येशू. आजी चौकट धरून पाहत उभी राही. एकदा ती आम्हांस म्हणाली, “आपला कृष्ण बंदिशाळेत जन्मला, यांचा गोठ्यात. देवाला मोठ्यांची घरं आवडत नाहीत बघ.”

आता ती चाळ उरली नाही. आजी आणि काकू दोघीही आपापल्या वाटेने देवाघरी गेल्या. पण आमच्या स्वयंपाकघरात भाद्रपदात पाच मोदक अजून आधी काढले जातात आणि काकूंच्या मुलीच्या घरी जातात. डिसेंबरच्या २५ तारखेला तिकडून ताट येते, वर क्रोशाचा रुमाल असतो, आणि करंजीत खसखस भाजून घातलेली असते.

वाचकहो, यंदा आपल्या शेजारच्या दारावर चांदणी लागली असेल, तर तेथून येणारे ताट दोन्ही हातांनी घ्या. आपला नेम आड येत असेल तर तो मोकळ्या मनाने सांगा आणि त्यांचाही विचारून घ्या.