तिजोरीत न मावणारी संपत्ती

जबलपूरच्या सराफा बाजारात सोने तिजोरीत पडून राहिले, तरी त्याचे वजन घटत नाही. भाव उतरला, तर सराफ थांबू शकतो. मोबाइल सेवा ज्यांवर चालते त्या रेडिओ लहरींचे, म्हणजे स्पेक्ट्रमचे, तसे नाही. आज न वापरलेली लहर उद्यासाठी साठवता येत नाही. लिलावांचे धोरण आखताना हा भेद पुरेसा ध्यानात घेतला गेलेला नाही.

लिलावाच्या आग्रहाला इतिहास आहे. १८८५ च्या तार कायद्याने संदेशवहनाचा एकाधिकार सरकारकडे ठेवला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या लहरी सार्वजनिक संपत्ती असल्याचे स्पष्ट केले. पुढे २००८ मध्ये ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वाने वाटलेले १२२ परवाने न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी रद्द केले. फौजदारी खटल्यातील सर्व आरोपी डिसेंबर २०१७ मध्ये निर्दोष सुटले. परंतु तोवर फाइलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला लिलावाइतका सुरक्षित मार्ग दुसरा उरला नव्हता.

लिलावाने संशय मिटतो, हे खरे. मात्र राखीव किंमत सरकारच ठरवते. ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरी दूरवर पोहोचतात आणि भिंतीही भेदतात. दाट वस्तीच्या जुन्या पेठांना व विरळ वस्तीच्या मंडला-दिंडोरीसारख्या जिल्ह्यांना त्या सारख्याच उपयोगी. २०१६ मध्ये या पट्ट्यातील एका मेगाहर्ट्झची देशभरासाठीची राखीव किंमत ११,४८५ कोटी रुपये होती. एकही ग्राहक आला नाही. २०२१ मध्ये ती ६,५६८ कोटींवर आणली, पुन्हा तेच. २०२२ मध्ये ३,९२७ कोटींवर आल्यावर जिओने सर्व २२ परिमंडळांत त्या घेतल्या. अखेरीस जवळपास एक तृतीयांश किंमत मिळाली आणि सहा वर्षांचा वापर कायमचा बुडाला.

सार्वजनिक संपत्ती स्वस्तात देऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. पण चढाओढीला स्पर्धक लागतात. आज मैदानात तीनच मोठ्या खासगी कंपन्या आहेत. सरकारी बीएसएनएलला लहरी लिलावाविना मिळतात. २०२२ च्या लिलावात १,५०,१७३ कोटींची बोली लागली, तरी बहुतांश लहरी राखीव किमतीलाच गेल्या. २०२४ मध्ये तर बोली ११,३४० कोटींवर थांबली. अशा बाजारात किंमत माफक आणि सेवाविस्ताराच्या अटी कठोर ठेवणे, हेच लोकहिताचे ठरेल.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने पुरेशा कारणाविना न वापरलेल्या लहरी कंपनीकडून काढून घेण्याची तरतूद केली आहे. तोच न्याय सरकारलाही लागू व्हावा. एखादा पट्टा विकला गेला नाही, तर वर्षभरात नव्या किमतीने तो पुन्हा लिलावात आणणे आणि विलंबाचे कारण संसदेपुढे ठेवणे बंधनकारक असावे. कंपनीने अडवलेल्या लहरी परत घेता येतात. सरकारी किमतीने अडवलेल्या लहरींचा जाब विचारण्याची सोय मात्र अजून नाही.